जुन्या जपानी मोटारीचा जीर्णोद्धार

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या धामणगांव रेल्वे येथील एक माजी विद्यार्थी मला मुद्दाम आपल्या घरीं घेऊन गेला. घराच्या मागील पडवींत सरकीच्या रिकाम्या पोत्यांखालीं एक लहानशी पांढरी मोटार उभी होती. ती त्याच्या वडिलांनीं १९८५ सालीं घेतलेली मारुति. वडील जाऊन सहा वर्षें झालीं. तेव्हांपासून ती जागची हलली नव्हती. चाकांतील हवा गेली होती, दाराखालची कड गंजून तिची जाळी झाली होती, आणि मागच्या आसनांत उंदरांनीं संसार थाटला होता. हा गृहस्थ बँकेंत नोकरीस. यंत्रविद्येशीं त्याचा संबंध सायकलीची साखळी चढविण्यापलीकडे कधीं गेला नाहीं. तरी ही मोटार स्वतःच्या हातानें पुन्हां चालती करावी असें त्याच्या मनानें घेतलें होतें. धाकट्या भावाचें म्हणणें निराळें. नुसती चालती करून काय मिळवायचें? रुंद चाकें बसवूं, गडद रंग देऊं, जमल्यास एंजिनही दुसरें घालूं, असा त्याचा पक्ष. घरांत दोन तट पडले होते आणि निवाडा इतिहासाच्या प्राध्यापकानें करावा असें ठरलें होतें. "सर, हिला होती तशीच करूं, कीं बदलूं?" असा प्रश्न त्यानें मला केला.

मीं त्या वेळीं कांहीं तरी बोलून सुटका करून घेतली. परंतु प्रश्न वाटला तितका क्षुल्लक नाहीं हें घरीं आल्यावर ध्यानांत येऊं लागलें. देवळाचा जीर्णोद्धार करणारा, जुन्या पोथीचें संपादन करणारा, पडक्या वाड्यांत पुन्हां राहूं पाहणारा, या सर्वांपुढें हाच प्रश्न उभा असतो. शिवाय ज्या वस्तूविषयीं तो विचारला गेला ती जपानी कुळांतील होती. आणि जपानी मोटारीचा पूर्वेतिहास पाहिला तर या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें त्यांतच दडलेलें आहे असें मला दिसून आलें. तो इतिहास वऱ्हाडाला अगदींच परका नाहीं, हें आणखी एक.

या इतिहासाचा आरंभ मोटारीपासून होत नाहीं. तो कापसापासून होतो. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचे दिवस आले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग वऱ्हाडांतून पूर्वेकडे सरकत होता; १८६७ सालीं तो नागपुरास पोंचला. आमच्या गांवाच्या नांवास 'रेल्वे' हें जें शेपूट लागलें आहे तें त्या लोहमार्गाचेंच देणें होय. यवतमाळकडील कापूस बैलगाड्यांनीं धामणगांवास यावा, येथील जिनांत त्याची सरकी निघावी, प्रेसमध्यें गांठी बांधल्या जाव्या आणि त्या रेल्वेनें मुंबईस रवाना व्हाव्या, असा तो क्रम होता. मुंबई बंदरांतून जाणाऱ्या हिंदी कापसाच्या पुष्कळ गांठी पुढें जपानची वाट धरूं लागल्या. १८९३ सालीं जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें निप्पॉन युसेन कैशा या जपानी आगबोट कंपनीनें मुंबई व कोबे या बंदरांमध्यें नियमित फेरी सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठींच. ओसाकाच्या गिरण्यांना आमचा आंखूड धाग्याचा स्वस्त कापूस चांगला मानवत असे.

हा व्यवहार दोन्ही पक्षांना किती निकडीचा होता तें १९३३ सालीं उघड झालें. हिंदुस्थान सरकारनें जपानी कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढवितांच जपानच्या गिरणीवाल्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला. अखेर १९३४ मध्यें करार झाला तो असा: जपाननें वर्षास १० लाख गांठी कापूस उचलला तर त्याचें ३२ कोटि ५० लाख वार कापड हिंदुस्थानांत येऊं द्यावें. शेतांतील बोंडाचें आणि परदेशांतील मागाचें नातें इतक्या रोखठोक आंकड्यांत क्वचितच लिहिलें गेलें असेल.

सूत निघालें कीं त्याला माग हवा. जपानांतील मोटारींच्या दोन थोर घराण्यांचे मूळपुरुष हे मागवाले होते, आणि दोघांचेही हात सुतारकीनें घडलेले होते. साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा. त्याचा जन्म १८६७ चा, म्हणजे लोहमार्ग नागपुरास पोंचला त्याच वर्षाचा. त्यानें मागांत एकामागून एक सुधारणा केल्या, आणि १९२९ मध्यें त्याच्या स्वयंचलित मागाचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीनें विकत घेतले. ज्या कंपनीचीं यंत्रें हिंदुस्थानच्या गिरण्यांत जिकडे तिकडे धडधडत होतीं, तिलाच शिष्यानें विद्या विकली. दुसरा मिचिओ सुझुकी. त्याला लहानपणीं सुताराकडे उमेदवारीस ठेवलें होतें. आईचे विणण्याचे कष्ट हलके व्हावे म्हणून त्यानें १९०८ सालीं एक माग तयार करून तिला दिला, आणि १९०९ मध्यें हामामात्सु येथें मागांचा कारखाना काढला. आमच्या पडवींतील मारुतीचें कुळ शोधीत मागें गेलें तर तें या आईच्या मागापाशीं जाऊन थांबतें.

मागवाले मोटारवाले कसे झाले, हा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. साकिचीचा मुलगा किइचिरो यानें १९३३ सालीं माग-कारखान्यांतच मोटारींचा विभाग उघडला. तो व त्याचे साथीदार या धंद्यांत सर्वस्वीं नवखे होते. त्यांनीं पहिली गोष्ट कोणती केली? एक अमेरिकन शेवरोले मोटार विकत आणली, ती पार सुटी केली, प्रत्येक भाग मोजला, त्याचें चित्र काढलें, आणि तसाच भाग आपल्या हातानें करूं पाहिला. एंजिनाचे ओतीव ठोकळे एकामागून एक फुकट गेले. सुतयंत्राचें बीड ओतण्यांत हयात घालविलेल्या माणसांना मोटारीच्या ठोकळ्याच्या आंतील पोकळ्या साधेनात. तरी त्यांनीं आधीं जसेंच्या तसें करण्याचा हट्ट सोडला नाहीं. १९३५ मध्यें त्यांचा पहिला नमुना बाहेर पडला. त्याचें एंजिन शेवरोलेच्या धर्तीचें, सांगाडा बव्हंशीं फोर्डच्या वळणाचा, आणि देहाचा आकार क्राय्सलरच्या एका मोटारीवरून घेतलेला. १९३६ मध्यें त्यावरून सुधारलेली मोटार विक्रीस आली. आपलें स्वतःचें असें कांहीं करण्याचा अधिकार त्यांनीं दुसऱ्याचें नीट समजून घेऊन मिळविला.

सुझुकीच्या कारखान्याची गोष्ट हीच. १९३७ च्या सुमारास तेथें एक इंग्रज ऑस्टिन सेव्हन मोटार आणून उलगडण्यांत आली. युद्धानें तो उद्योग थांबला. युद्धानंतर पुन्हां मागच करावे लागले. १९५१ मध्यें कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक मिळेनासें झालें. तेव्हां सायकलीला बसवावयाचें एक चिमुकलें एंजिन १९५२ मध्यें निघालें. १९५४ सालीं कंपनीचें नांव बदललें. आणि १९५५ मध्यें ३६० घन सेंटिमीटरचें एंजिन असलेली पुढील चाकांनीं ओढली जाणारी सुझुलाइट ही मोटार तयार झाली. तिचा आदर्श लॉइड ही लहान जर्मन मोटार होती. लहान बांधा, आडवें बसविलेलें एंजिन, पुढच्या चाकांना गति, ही जी रीति तेथें पक्की झाली तीच पुढें आमच्याकडे आली.

मारुति उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्यें स्थापन झाली. १९८२ मध्यें तिचा सुझुकीशीं करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं पहिल्या मोटारीच्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातीं दिल्या. ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन नळकांड्यांचें तें एंजिन. आरंभीं बहुतेक भाग जपानहून पेट्यांतून येत आणि येथें जुळविले जात. २०१४ च्या जानेवारींत हा प्रकार बनविणें बंद झालें, तोंवर अशा २५ लाखांहून अधिक मोटारी या देशांत विकल्या गेल्या होत्या. ज्या मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दारांत पूर्वीं कधीं मोटार लागली नव्हती त्याच्या दारांत लागलेली पहिली मोटार बहुधा हीच असे.

आतां पालट करूं म्हणणाऱ्या धाकट्या भावाच्या बाजूनेंही इतिहास बोलतो, हें सांगितलें पाहिजे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या आणि मुंबईस कुर्ला येथें कारखाना असलेल्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं '११८ एन. ई.' नांवाची मोटार काढली. तिचा देह फियाट १२४ या इटालियन मोटारीचा आणि एंजिन जपानी निस्सानचें, ११७१ घन सेंटिमीटरचें. नांवांतील 'एन. ई.' हीं अक्षरें निस्सानच्या एंजिनाचींच. जुन्या देहांत नवें काळीज घालण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रांत, कारखान्याच्या छपराखालीं आणि राजरोस झाला. तेव्हां मूळ वस्तूला हात लावणें हेंच पाप, असें म्हणतां येत नाहीं. परंतु या प्रयोगामागें मोजमापें घेणारे, आंकडे मांडणारे आणि वारंवार कसोटी पाहणारे शिकलेले हात होते. सांगाडा किती भार सोसतो आणि नव्या शक्तीला जुने ब्रेक आवरतील काय, हे प्रश्न आधीं विचारले गेले. पडवींत पाना घेऊन बसलेल्या नवशिक्यानें ते विचारले नाहींत तर त्याची हौस रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवावर बेतते. रुंद चाक वळतांना आंतल्या पत्र्याला घासतें. कापून आंखूड केलेली स्प्रिंग खड्ड्यांत दगा देते. विजेच्या तारांना मध्येंच दिलेला जोड एखाद्या उन्हाळ्यांत पेट घेतो. हा बदल नव्हे. बदलाचें सोंग होय.

आमच्या भाषेंत 'जीर्णोद्धार' हा शब्द मोठा सूचक आहे. त्याचा अर्थ जीर्ण झालेल्याला वर काढणें एवढाच. त्यांत मूळचा प्रत्येक दगड तसाच राहिला पाहिजे अशी अट नाहीं. जपानांतील इसे येथील देवस्थान इसवी सन ६९० पासूनच्या परंपरेनें दर वीस वर्षांनीं नव्या लांकडाचें बांधलें जातें. २०१३ मध्यें तें ६२ व्या वेळीं झालें. लांकूड नवें, पण माप तेंच, सांधा तोच, आणि तो सांधा घालण्याची विद्या म्हाताऱ्या सुताराच्या हातून तरुण सुताराच्या हातीं गेलेली. वस्तु टिकवावयाची कीं वस्तूची विद्या टिकवावयाची, या प्रश्नाला त्या लोकांनीं दिलेलें हें उत्तर आहे. मोटारीलाही तें लागूं पडतें. रबर, तेल, पट्टे, ब्रेकचीं वाट्यां-वायसरें हीं झिजण्यासाठींच असतात. तीं नवीं घातल्यानें मोटार परकी होत नाहीं. परंतु पत्र्याचा आकार, सांगाड्याचे सांधे आणि एंजिनाची मांडणी हीं तिचीं मापें होत. तीं मोडलीं कीं परत शिकण्यासारखें तिच्यांत कांहीं उरत नाहीं.

यांत कायदाही एक पक्ष घेऊन उभा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील वर्णनाशीं विसंगत होईल असा मनमानी बदल मालकास करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच तत्त्वाची पुष्टि केली. पुढें २०२१ मध्यें केंद्रीय नियमांत पुरातन वाहनांसाठीं निराळें प्रकरण घालण्यांत आलें. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या, मूळ रूपांत राखलेल्या, आणि सांगाडा, देह किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या मोटारीला 'व्ही. ए.' या अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. १९८३ ची पहिली मारुति या हिशेबानें २०३३ सालीं पुरातन होईल, आणि आमच्या पडवींतली १९३५ च्या नव्हे, २०३५ च्या दिवाळीस. एक एंजिन हौसेनें बदललें कीं तो मान कायमचा गेला. हें नुकसान आज दिसत नाहीं. दहा वर्षांनीं दिसतें.

खुद्द पहिल्या मारुतीचा वृत्तांत या बाबतींत बोधप्रद आहे. हरपाल सिंग यांनीं ती अखेरपर्यंत जपली. २०१० मध्यें ते वारल्यावर ती उघड्यावर उभी राहून गंजली आणि तिच्या जीर्ण स्थितीचीं चित्रें वृत्तपत्रांतून आलीं. पुढें कंपनीनें ती आपल्याकडे नेऊन मूळ पद्धतीचे भाग घालून पूर्वीं होती तशी केली. ज्या मोटारीच्या लाखों बहिणी भंगारांत गेल्या तिची पहिली खूण राहिली ती केवळ एका कुटुंबानें ती विकून टाकली नाहीं म्हणून.

मग नवख्यानें काय करावें? मीं येथील एका जुन्या कारागिराकडे दोन संध्याकाळीं बसून विचारपूस केली. त्याचें पहिलें वाक्य असें: "सर, खोलाले एक दिवस पुरते, जुळवाले वरीस लागते." त्यानें सांगितलेला क्रम साधा आहे. पाना उचलण्यापूर्वीं कागद पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. ती कधीं सरली, आणि वारसाच्या नांवावर मोटार चढली आहे काय, हें परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें. नाहीं तर सारा खर्च पडवींतच राहतो. दुसरें, मोटार आडव्या ठोकळ्यांवर नीट टेकवून खालून पाहावी. गंज रंगाखालीं दिसतो त्याहून तळाशीं अधिक असतो. दाराखालची पेटी, पायांखालचा तळ आणि पुढच्या झटकेखाऊ दांड्यांच्या माथ्याकडील पत्रा हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. सडलेला पत्रा कापून तेथें नवा झाळून बसवावा; नुसती पुट्टी भरून वर रंग मारणें म्हणजे गळूवर शेंदूर लावणें. तिसरें, प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें आणि त्याचे नटबोल्ट निराळ्या डब्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवावे. चौथें, आधीं ब्रेक, मग इंधनाची टांकी व कार्ब्युरेटर, मग एंजिन, आणि रंग सर्वांत शेवटीं. नवशिक्याला रंगाची घाई असते, आणि घाईनें दिलेला रंग दुसऱ्या पावसाळ्यांत फुगून येतो. पांचवें, १९८६ पूर्वींच्या पहिल्या बांध्याचे पत्रे व कांचा सहज मिळत नाहींत. म्हणून मोडकी वाटणारी कोणतीही मूळ वस्तु टाकूं नये.

हा उपदेश ऐकतांना मला किइचिरोच्या माणसांची आठवण झाली. सुटें करणें, मोजणें, चित्र काढणें, जसेंच्या तसें जुळविणें, आणि मगच बदलाचा विचार करणें: टोयोडाच्या कारखान्यांत १९३३ सालीं जें घडलें तेंच हा वऱ्हाडी कारागीर आपल्या अनुभवानें सांगत होता. जपानी मोटार ज्या कृतीनें जन्मली तीच कृति तिला पुन्हां जिवंत करते.

पुढच्या महिन्यांत मी पुन्हां त्या पडवींत गेलों. दोघे भाऊ मिळून आसनें बाहेर काढीत होते, आणि वाद नव्या ठिकाणीं येऊन पोंचला होता. मोटारीच्या टपावर एक लोखंडी जाळी होती. माहूरच्या यात्रेस जातांना सामान ठेवण्यासाठीं वडिलांनीं ती गांवांतल्या लोहाराकडून करवून घेतली होती. थोरला म्हणत होता कीं ती कारखान्याची नव्हे, तेव्हां काढावी. आणि मूळ रूपाची ज्याला मुळींच पर्वा नव्हती तो धाकटा ती काढूं देईना. मीं जवळ जाऊन पाहिलें. जाळी टपाच्या पन्हाळीला चापांनीं आंवळलेली होती. पत्र्याला एकही भोंक पाडलेलें नव्हतें. त्याउलट समोरच्या फळीला चौकोनी भगदाड पाडून बसविलेला कॅसेटचा डबा कधींच निकामी झाला होता, आणि तें भगदाड मात्र तसेंच राहिलें होतें. एकाच माणसाच्या हातचे दोन फेरफार. एक आजही मागें घेतां येतो, दुसरा कधींच घेतां येत नाहीं.

तेव्हां मला माझा निवाडा सांपडला. मूळ म्हणजे केवळ कारखान्यांतून निघाल्या दिवशींची स्थिति नव्हे. ज्यांनीं ती वस्तु वापरली त्यांचे हातही तिच्या इतिहासांत येतात. म्हणून बदल करावा, पण पुढच्याला तो उलगडतां येईल असा करावा, आणि आपण काय केलें हें लिहून ठेवावें. दोघांनींही तें मानलें. जाळी घांसून, काळा रंग देऊन परत बसवावयाची ठरली; फळी जशी आहे तशीच राहावयाची; चाकें मूळच्याच मापाचीं. थोरल्यानें एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यानें वडिलांचे दोन्ही फेरफार आठवतील त्या तारखांसह लिहिले आहेत, आणि त्याखालीं धाकट्यानें आपल्या हातानें, गंजलेल्या दाराखालचा पत्रा कोणत्या दिवशीं कापला तें.